काम सोडून गेलेल्या पोराचं सर्व्हरवरचं लॉगिन कसं बंद करायचं?

शिरोलीकर:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री. कास्टिंगचं सिम्युलेशन चालवायला ऑफिसात एकच लिनक्स सर्व्हर आहे आणि त्यावर सगळ्यांची खाती: डिझाईनची माणसं, शिकाऊ पोरं, बाहेरचा कन्सल्टंट. एक शिकाऊ पोरगा काम सोडून पुण्याला गेला, त्याच दिवशी पासवर्ड लॉक केला होता. काल ‘लास्ट’ (कोण कधी आत आलं ते दाखवणारी कमांड) मारून बघितलं, तर रविवारी रात्री त्याच्याच नावानं एसएसएच (दुरून सर्व्हरवर लॉगिन) झालंय! गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं आहेत त्यावर. मालकांना काय सांगू?

मंगळवारपेठ:
खातंच उडवा की. यूजरडेल कमांड मारा, विषय संपला.

जुना अ‍ॅडमिन:
उडवू नका हो. फायलीवर ती ज्याची त्याचं नाव नसतं, नुसता त्याच्या खात्याचा आकडा (यूआयडी) असतो. उद्या नव्या पोराला तोच आकडा मिळाला, की जुन्याच्या सगळ्या फायली त्याच्या.

शिरोलीकर, पासवर्ड लॉक केल्यानं फक्त पासवर्ड बंद होतो. होम फोल्डरात ‘ऑथॉराइज्ड कीज’ फाईल असेल तर चावी (पासवर्डाऐवजी लॉगिनला चालणारी फाईल) चालतच राहते. अख्खं खातं बंद करायचं तर यूजरमॉड कमांडला ‘एक्सपायरडेट’ १ द्या. मुदत २ जानेवारी १९७० ला संपली असं धरलं जातं, मग चावी असली तरी पॅम (लॉगिन तपासणारी यंत्रणा) आत घेत नाही.

आणि त्या पोरावर लगेच आळ घेऊ नका. एसएसएचच्या लॉगमध्ये कुठल्या आयपीवरून (नेटवर्कवरच्या कुठल्या पत्त्यावरून) लॉगिन झालं ते, आणि कुठल्या चावीनं झालं तिचा फिंगरप्रिंट (ओळखखूण) असतो. ती चावी ऑफिसातल्याच जुन्या लॅपटॉपवर राहिली असेल, तर तो लॅपटॉप आज कोण वापरतंय ते आधी बघा. कुणाच्या नोकरीचा प्रश्न असतो.

पुढच्यासाठी एक ग्रुप करा आणि एसएसएचडीच्या (सर्व्हरवर एसएसएच सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिगमध्ये ‘अलाउग्रुप्स’ला तेवढाच लिहा. ग्रुपात नाही त्याला एसएसएच नाही. आधी स्वतःला आणि बॅकअपच्या खात्याला ग्रुपात घाला. ‘एसएसएचडी -टी’नं फाईल तपासा, मगच रीलोड करून नवी कॉन्फिग लागू करा. चालू खिडकी बंद करू नका, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का बघा.

शिरोलीकर:
दादा, लई उपकार. रात्रभर सिम्युलेशन चालू असतं, रीलोड केल्यावर तुटंल काय?

जुना अ‍ॅडमिन:
नाही, चालू जोडण्यांना धक्का लागत नाही. पण म्हणूनच त्या पोराच्या नावानं कुणी आत्ता आत असेल तर आतच राहील. ‘हू’ मारून आत कोण आहे बघा, असला तर ‘पीकिल -यू’ आणि त्या खात्याचं नाव मारून त्याचं चालू असलेलं सगळं बंद करा. त्याचा क्रॉनटॅबही (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडून बघा.

कन्सल्टंटचं खातं उघडतानाच ‘चेज -ई’ कमांडनं कामाच्या शेवटच्या दिवसानंतरच्या दिवसाची तारीख घाला, त्या तारखेपासून खातं बंद होतं. काम लांबलं तर तारीख पुढं सरकवायची.