गिटारवर क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारला आणि साय धरली. घरी स्प्रे करावा की सोडून द्यावं?

मिठागर
घर शिरोड्यात, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. मावसभावाने मुंबईला जाताना दिलेली जुनी अकूस्टिक गिटार आहे. वरचं पॉलिश पापुद्रे धरून सुटत होतं, म्हणून सगळं घासून काढलं. १२० च्या पेपरपासून ३२० पर्यंत, तीन रविवार गेले. मग लाकडाची छिद्रं बुजवणारा सँडिंग सीलर, आणि परवा एनसी लॅकरचा कॅन.

बाहेर धो धो पाऊस, म्हणून कोठीच्या खोलीत बसलो. धूळ नको म्हणून खिडकी लावली, दाराखालच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. तोंडाला कोविडातला एन-९५. स्वतःवर भलताच खूश होतो. दोन हात मारले आणि दहा मिनिटांत पुढच्या फळीवर दुधावर धरावी तशी पांढुरकी साय. रात्रभर डोकं ठणकलं. आई म्हणाली, देवघरापर्यंत वास आला.

ही साय जाईल का? मास्क कुठला घेऊ? मित्र म्हणतो एनसी सोड, गाड्यांना मारतात तो टू-के (हार्डनर मिसळायचा) क्लिअर मार, काचेसारखा होतो. शेजारच्या गणपतीच्या शाळेतला, म्हणजे मूर्ती करतात तिथला, कंप्रेसर चतुर्थीनंतर मिळेल.

रंधा-पटाशी
कुडाळात फर्निचर पॉलिश करतो, २२ वर्षं झाली. देवघराचं तू शेवटी लिहिलंस, मी तिथूनच सुरू करतो. समई पेटलेली होती का?

थिनरची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते आणि उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत जाते. तुझं ओलं फडकं तिला अडवणारं नव्हतं, वास पोचलाच ना? समई, गॅस, फ्रीज आपोआप चालू होताना उडणारी ठिणगी, विजेचं बटण, यातलं काहीही ती पेटवायला पुरे. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. आजच्या बिनधुराच्या बंदुकीच्या दारूत असतं तेच, फक्त नायट्रोजन कमी. सुकून खाली पडलेली त्याची पूडसुद्धा भुरकन पेटते. ती झाडून चुलीत टाकू नकोस.

आता साय. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. थिनर उडतानाही तेच होतं. फळी गार पडते, हवेतला दमटपणा तिच्यावर पाणी होऊन बसतो आणि लॅकरच्या आत अडकतो. खिडकी लावून तू बाहेरची धूळ अडवलीस, पण दमट हवा आणि थिनर दोन्ही आत कोंडलेस. म्हणजे साय आणि डोकेदुखी एकाच खोलीची देणगी.

ती घासून काढू नकोस. हेअर ड्रायर तर नकोच. कोरड्या दिवशी रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा अगदी हलका हात मार. वरचा थर पुन्हा विरघळतो, सावकाश सुकतो, अडकलेलं पाणी निघून जातं. एनसीचा हा गुण, प्रत्येक हात आधीच्यात मुरतो.

पण आत्ता नाही. नोव्हेंबर येऊ दे. पहाटे दव असतं आणि दुपारनंतर खारे वारे सुटले की फवारा भलतीकडेच जातो. मधले दहा ते बारा तुझे. भिंतीवरचा साधा हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजणारा, घे. ७० टक्क्यांच्या वर काटा असेल तर मी गन हातात घेत नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडू दे.

जागा म्हणशील तर दोन बाजू उघड्या असलेला मांगर, म्हणजे घराबाहेरची शेड. जमीन शेणाची असेल तर आदल्या दिवशी सारवून वाळू दे, धूळ बसते. वारा बाजूने येईल असा उभा राहा. घरचा टेबल फॅन फवाऱ्यात ठेवू नकोस, मोटरची ठिणगी पडते. गिटारच्या फ्रेटबोर्डावर (बोटं दाबतो त्या पट्टीवर) मास्किंग टेप, एक वीत अंतर, पातळ हात, मध्ये तासभर. दिवसाला तीनच.

एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. सेंद्रिय वाफेची कार्ट्रिज आणि पुढे तुषार अडवणारा प्री-फिल्टर असलेला रबरी अर्धा मास्क घे. दाढी असेल तर काढ, नाहीतर कडेने गळतो. काम झालं की कार्ट्रिज घट्ट झाकणाच्या डब्यात, उघडी राहिली तर आतला कोळसा खुंटीवर टांगल्या टांगल्याच संपतो. मास्क घालूनही वास आला की बदल. आणि कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढ. आपल्याकडे वाटीभर निघतं.

डेंटिंगवाला
फक्त टू-केबद्दल. मारू नको. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. थिनरसारखा वास येत नाही, त्यामुळे मास्क गळतोय की संपलाय ते कळतच नाही. त्याला बाहेरून नळीने हवा देणारा मास्क लागतो, घरी कोण आणणार? मी सहा वर्षं रुमाल बांधून गाड्या मारल्या. आता शेजारी कोणी हार्डनरचा डबा उघडला तरी छाती सूं-सूं करते. एकदा अंगाला बाधलं की मग थोडंही चालत नाही. कॅनमध्ये मिळतो तोही तसाच, बुडाचं बटण दाबलं की हार्डनर आत मिसळतो.

फणसाचं_पान
मेल्या, आधी आवशीक सांग, समई जरा थांबव म्हणान!
स्प्रेच हवा असं कोणी सांगितलं? चपडा (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळव आणि मलमलीच्या बोळ्याने लाव. क्लासिकल गिटारला कित्येक कारागीर तेच करतात. सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते तीच लाख. फवारा नाही, ढग नाही. स्पिरिट पेटतं, तेवढं सांभाळ. घाम आणि ओल याला मात्र चपडा सोसत नाही.

मिठागर
समई पेटलेली होती. साडेसात वाजले होते, आईने नुकतीच दिवेलागण केली होती. हे टाइप करताना हात जरा थंड पडलेत. हायग्रोमीटर आणला, कोठीत ९१. गिटार उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवली.

मिठागर
(डिसेंबर) मांगरात मारली. काटा ५८ वर होता. रिटार्डरच्या एका हातात साय गेली, माझा विश्वासच बसेना. सहा हात झाले. खांद्यापाशी एक ओघळ आलाय, तो माझाच उतावीळपणा. आंब्याला मोहोर दिसायला लागलाय, त्याचा एक कणही चिकटलाय. मांगरातच टांगलीय. आता १५०० चा वॉटर पेपर कधी मारू? वरून कडक लागते.

रंधा-पटाशी
नख नको लावू, नाक लाव. वास येतोय तोवर आत थिनर आहे. तीन-चार आठवडे धर. आणि तोवर घरात झोपायच्या खोलीत आणू नकोस.