डब्यात दाण्याचं कूट नको म्हणे!

नेरूळची_सुगरण
आमच्या पाळणाघरात फतवा निघालाय. सोमवारपासून कोणाच्याही डब्यात दाणे नकोत. चिक्की, लाडू, कूट, काही नाही. एका मुलीला ॲलर्जी आहे म्हणून. तिच्याबद्दल वाईट वाटतं, पण आपल्याकडे कूट कशात नसतं? कोशिंबीर, भरली वांगी, उपासाचं तर सगळंच. काल सकाळी सवयीने साबुदाण्यात कूट पडलं आणि मग आठवलं. लेकाला तूपसाखर पोळी दिली, खिचडी माझ्या ऑफिसच्या डब्यात गेली.
खरा राग वेगळाच आहे. खाली लिहिलंय, "तीन वर्षांपर्यंत मुलांना दाणे देऊच नयेत." अहो, हा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला, तोही ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या मुलांसाठी, आणि २००८ साली मागेही घेतला!

घोडबंदरचा_बाबा
माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. शेजारच्या पोराने चिक्की खाऊन तोच हात हिच्या बिस्किटाला लावला. आधी ओठ सुजले, मग अंगावर गांधी, मग खोकला. आम्ही ॲलर्जीचं सिरप पाजून वाट बघत बसलो, ही आमची घोडचूक. सिरपने खाज कमी होते, बंद होत चाललेला श्वास उघडत नाही. डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा पोर सावरली. तुमची खिचडी एक दिवस चुकली, एवढंच ना?

नौपाड्याची_आजी
आमची तिन्ही मुलं दाण्याच्या आमटीवर वाढली. तेव्हा नव्हतं हो असलं काही.

घोडबंदरचा_बाबा
आजी, तेव्हा "काहीतरी बाधलं" म्हणून सोडून देत असतील. मोजलं कोणी?

नेरूळची_सुगरण
बाबा, इंजेक्शनचं वाचून पोटात गोळा आला. पण आजींच्या आमटीत तथ्य आहे. इस्रायलमध्ये बाळं लहानपणापासून दाण्याचे कुरकुरे खातात. तिथल्या आणि ब्रिटनमधल्या ज्यू मुलांची तुलना केली तर ब्रिटनमध्ये ही ॲलर्जी दहापट निघाली. मग लंडनमध्ये ४ ते ११ महिन्यांच्या ६४० बाळांवर प्रयोग झाला, २०१५ साली निकाल आला. दाणे टाळलेल्यांपैकी पाच वर्षांचे होईतो १७ टक्क्यांना ॲलर्जी, नियमित खाल्लेल्यांत जेमतेम ३ टक्के. म्हणजे हा कागद वाचून जी आई बाळाला दाणे देणार नाही, ती उद्याचा रुग्णच तयार करतेय की!

घोडबंदरचा_बाबा
अर्धंच सांगताय. ती बाळं जास्त धोक्यातली होती, कोणाला जबर एक्झिमा (त्वचेवर खाजरे चट्टे), कोणाला अंड्याची ॲलर्जी. आधी त्वचेची चाचणी झाली, त्यात मोठी गांध उठली त्यांना प्रयोगात घेतलंच नाही. तुमचं वाचून कोणी एक्झिमावाल्या बाळाला थेट कूट चाटवलं तर? आधी डॉक्टर. आणि अख्खा दाणा तर नकोच, घशात अडकतो; पेजेत पातळ कालवून द्यायचं. शिवाय हे सगळं ॲलर्जी होण्याआधीचं. माझ्या मुलीला ती झालेली आहे, तिला "सवय होईल" म्हणत भरवायचं नसतं.

ऐरोली_लोकल
घरात घाण्याचं शेंगदाणा तेल असेल तर तेही धरा. रिफाइंडमध्ये प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं.

नेरूळची_सुगरण
झालं, आता पोळीसुद्धा! त्यापेक्षा त्या मुलीला वेगळं बसवा आणि बाकीच्यांचे हात साबणाने धुवा. तेवढं पुरे नाही का?

घोडबंदरचा_बाबा
तुमच्याकडे मावश्या किती?

नेरूळची_सुगरण
दोन. मुलं अठरा.

घोडबंदरचा_बाबा
मग?

नेरूळची_सुगरण
बरं. सोमवारी कूट वगळून ओलं खोबरं घालते. पण तीन वर्षांची ती ओळ खोडायला लावणारच, आणि त्याजागी इंजेक्शन कुठे ठेवलंय, कोण देणार, ते लिहायला सांगणार. आत्ता त्यांच्याकडे फक्त सिरपची बाटली आहे.

घोडबंदरचा_बाबा
हे आधी का नाही लिहिलंत? ते आजच विचारा, सोमवारची वाट बघू नका.

नौपाड्याची_आजी
कूट नाही ती खिचडी कसली. पण घाल बाई खोबरं.