जिप्सीला टर्बो बसवल्यापासून घाटात तापते, मोठा रेडिएटर टाकू का?

वाईचा_घाटकर:
मंडळी, अर्जंट मदत हवी आहे. जिप्सीला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवून घेतला. गाडी झकास पळते, पण पसरणी घाट चढताना अर्ध्यातच टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकतो. गॅरेजवाला म्हणतो मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाका. किंमत ऐकून मलाच घाम फुटला. रविवारी घरच्यांना घेऊन पाचगणीला जायचंय. टाकू की नको, एवढंच सांगा. टर्बो काढा हा सल्ला नको.

स्पॅनर_पाना:
एवढ्यावर काय सांगणार? कार्ब्युरेटरची की एमपीएफआय (इंजेक्शनवाली)? बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, किती? इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) आहे का, आणि कुठे लावलाय? सपाट रस्त्याला ऐंशीच्या वेगात तापते की फक्त चढाला?

वाईचा_घाटकर:
एमपीएफआय आहे. बूस्ट ७ पीएसआय. हायवेला काटा मध्यावर असतो. रेडिएटरचं सांगा ना.

कशेडी_एक्सप्रेस:
रेडिएटर वगैरे काही नको. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, काढून फेकून द्या. आमच्या जीपचा व्हॉल्व्ह वडिलांनी काढला तो काढलाच, कशेडी घाटात कधी पाणी उकळलं नाही. खर्च शून्य.

नटबोल्ट:
कृपया असले सल्ले देऊ नका. व्हॉल्व्ह काढला की पाणी इतकं भरभर फिरतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला त्याला वेळच मिळत नाही.

कशेडी_एक्सप्रेस:
मग आमची जीप काय पुण्याईवर चालते का?

स्पॅनर_पाना:
दोघेही थांबा. नटबोल्ट, पाणी वेगात फिरलं म्हणून कमी थंड होतं हे खरं नाही. प्रवाह वाढला तर रेडिएटर उष्णता जास्तच टाकतो. पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच जातं. शिवाय थंडीत इंजिन गरमच होत नाही, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) राहतं, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं, रिंगा झिजतात. व्हॉल्व्ह अडकत असेल तर नवा टाका. गरम पाण्याच्या भांड्यात टाकून उघडतो का ते घरीच बघता येतं.

घाटकर, इंटरकूलरचं उत्तर राहिलं.

नियमावली:
गाडीच्या कागदपत्रांचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकालही आहे. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल.

वाईचा_घाटकर:
नियमावली साहेब, मी तापण्याबद्दल विचारलंय.
इंटरकूलर आहे, ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या पुढे. चांगला मोठा आहे.

डिझेल_दादा:
पेट्रोलला बाहेरून टर्बो लावायचा म्हणजे हौसेला मोल नाही. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो, टर्बो तिथेच शोभतो. जिप्सी विका, टर्बो डिझेल बोलेरो घ्या, पाचगणीच काय प्रतापगडही चढेल.

स्पॅनर_पाना:
दादा, तो वेगळा धागा काढा.

घाटकर, आता नीट वाचा. इंजिनातून जितकी ताकद बाहेर पडते, ढोबळमानाने तितकीच उष्णता पाण्यात जाते. तुमचं इंजिन मुळात ८० हॉर्सपॉवरचं, म्हणजे साधारण ६० किलोवॅट. बूस्टवर ११० धरले तर ८२. म्हणजे पूर्ण दाबल्यावर रेडिएटरला वीसेक किलोवॅट जास्त टाकावे लागणार. हायवेला तुम्ही बूस्टमध्ये जेमतेम काही सेकंद असता, म्हणून काटा हलत नाही. घाटात दुसऱ्या गिअरला मिनिटंच्या मिनिटं दाबून असता आणि समोरून वारा नसतो. चाळीसच्या खाली रेडिएटरमधून हवा ओढायचं काम जवळजवळ सगळं फॅनचं.

तेव्हा फॅन कोणता आहे? मूळचा बेल्टवरचा की बदललाय? फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं श्राउड आहे ना?

नटबोल्ट:
आणि पाण्यात कूलंट किती? मी तर सांगेन शंभर टक्के कूलंट घाला, पाणी घालूच नका.

स्पॅनर_पाना:
तेही नको. नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. त्याचं काम उकळबिंदू वाढवणं आणि गंज रोखणं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

वाईचा_घाटकर:
पाणी बोअरचं आहे. त्याने काय होतं?
फॅन गॅरेजवाल्याने बदलला. टर्बोचे पाइप बसत नव्हते म्हणून बेल्टवरचा फॅन आणि ते श्राउड काढलं. त्याजागी छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक फॅन रेडिएटरच्या जाळीला क्लिपने लावलाय. तो चालतो, मी बघितलाय.

कशेडी_एक्सप्रेस:
आता कळलं. हे आधी सांगायचं की राव.

स्पॅनर_पाना:
म्हणजे पुढे इंटरकूलर, त्यातून तापलेली हवा रेडिएटरवर, मागे खेळण्यातला पंखा, आणि श्राउड नाही. रेडिएटरपुढे गोधडी वाळत घातल्यासारखं झालंय. श्राउड नसेल तर फॅन फक्त स्वतःच्या गोलाएवढीच हवा ओढतो, बाकी जाळी रिकामी बसते. मोठा रेडिएटर टाकलात तरी घाटात फारसा फरक पडणार नाही, आधी हवा द्या.

इंटरकूलर काढू मात्र नका. बाहेर ४० अंश असेल तर ७ पीएसआयला टर्बोतून हवा ९० ते ९५ अंशांवर बाहेर पडते. ती तशीच सिलिंडरमध्ये गेली तर नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं), आणि नॉकिंगची उष्णता थेट पिस्टन आणि हेडला. तो शक्य तर खाली सरकवा, बंपरच्या मागे, म्हणजे रेडिएटरचा निम्मा भाग मोकळा होईल.

अजून एक प्रश्न. टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) आणि पेट्रोल कसं सांभाळलंय?

वाईचा_घाटकर:
गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला जोडून एक डबा बसवलाय, पिगीबॅक म्हणतात तो. टायमिंग बरंच मागे घेतलंय म्हणाला, सेफ राहावं म्हणून.

नटबोल्ट:
मग बरोबर आहे, सेफ आहे.

स्पॅनर_पाना:
अर्धवट सेफ. टायमिंग गरजेपेक्षा मागे घेतलं की जळण उशिरा होतं, एक्झॉस्ट तापतो, आणि एक्झॉस्टचे पोर्ट हेडमधून, पाण्याच्या जॅकेटमधूनच जातात. म्हणजे तीही उष्णता पाण्यातच. वाइडबँड (मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून मिश्रण आणि टायमिंग दोन्ही डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं मशीन) नीट करून घ्या. हा खर्च रेडिएटरच्या आधी.

बोअरच्या पाण्याने आत क्षार बसतात. फ्लश करा, रेडिएटर रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. रेडिएटरच्या कॅपचं रबर बघा, जुनी कॅप दाब धरत नाही. पण कोणी जास्त दाबाची कॅप सुचवली तर ऐकू नका, जुने होस पाइप आधी फुटतील.

आणि काटा लालला टेकलाय म्हणता, तर हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं सील) तपासा. गार इंजिनवर कॅप उघडून गाडी सुरू करा. रेस केल्यावर बुडबुडे येतच राहिले तर बाकी सगळं नंतर.

डिझेल_दादा:
तो बेल्टवरचा फॅन जपून ठेवला असेल तर किती घ्याल?

वाईचा_घाटकर:
दादा, फॅन विकायचा नाहीये. गॅरेजवाल्याकडेच पडलाय, उद्या उचलून आणतो. पाइप फिरवून बसतोय का विचारतो.
पण रविवारचं काय? तोवर काही होणार नाही.

स्पॅनर_पाना:
बुडबुडे आले तर गाडी हलवूच नका. नाही आले तर वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह) सगळ्यात कमी बूस्टवर ठेवा आणि हलक्या पायाने चढा. काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल. लालजवळ गेला तर बाजूला घ्या, बॉनेट उघडा, आणि गार होईपर्यंत कॅपला हात लावू नका. वर पोचल्यावर मिनिट-दोन मिनिटं स्लो ठेवून मगच बंद करा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होतो.
खरं सांगू? घरचे आहेत, दुसरी गाडी न्या.

नवा_सभासद:
छान माहिती. मलाही स्विफ्टला टर्बो लावायचाय. एकूण खर्च किती आला आणि मायलेज किती देते?