डिसलाइकचा आकडा लपवला ते बरंच झालं म्हणे!

तिरकस: काल इथे नदीकाठ यांनी लिहिलं की यूट्यूबने डिसलाइकचा आकडा लपवला ते बरंच झालं, बटण तर आहेच ना, किती वर्षं रडणार. डोकंच फिरलं. बटण आहे, पण कसं? सरकारी हापिसातल्या तक्रारपेटीसारखं. चिठ्ठी टाका आणि घरी जा, किल्ली साहेबाकडे. आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्यालाच दिसणार, मग आम्ही काय बघून ठरवायचं?

माझंच सांगतो. मी जर्मनीत, आईने दोन किलो भाजणी पाठवलेली. 'कधीच न बिघडणारी चकली' म्हणून एक व्हिडिओ लावला, बाई म्हणे एक वाटी भाजणीला अर्धी वाटी मोहन. पहिला घाणा तेलात सोडला आणि चकल्या गायब, तळाशी नुसता चोथा. आणि खाली कमेंटा काय, "खूप छान ताई", हात जोडलेले, फुलं. आकडा दिसला असता तर पीठच भिजवलं नसतं.

सांडगी मिरची: अर्धी वाटी मोहन ऐकून शंका नाही आली?? डिसलाइक कशाला लागतात त्याला, आईला फोन करायचा.

तिरकस: इथे रात्रीचे साडेदहा, तिकडे तीन. उठवू का तिला?

नदीकाठ: माझं नाव घेतलंय म्हणून लिहितो. माझी बहीण दहावीची भूमिती शिकवायची, १३० लोक बघायचे. एका टोळक्याने एका रात्रीत ९० डिसलाइक ठोकले, का, तर आवाज किनरा. तिने चॅनलच बंद केलं. तुमचं पीठ गेलं हो, तिची हौस गेली. आणि २०२० चा 'सडक २'चा ट्रेलर आठवा, एक कोटीच्या वर डिसलाइक. ते काय ट्रेलर बघून दिले लोकांनी? राग सिनेमातल्या घराणेशाहीचा होता, कित्येकांनी तो उघडला तेवढ्यासाठीच. असला आकडा तुम्हाला चकली शिकवणार?

तिरकस: बहिणीचं वाईट झालं, मान्य. पण ज्याला नको त्याला आपल्या व्हिडिओवरचा आकडा झाकायची सोय आधीपासून होती की! मग नोव्हेंबर २०२१ मध्ये सरसकट सगळ्यांचा का झाकला? कंपनीचा स्वतःचा २०१८ चा रिवाइंड, म्हणजे वर्षभराच्या आढाव्याचा व्हिडिओ, यूट्यूबवरचा सगळ्यात नावडता व्हिडिओ ठरला होता, ते झोंबलेलं असणार. संस्थापकांपैकी एक जावेद करीम, ज्याचा हत्तीपुढचा व्हिडिओ तिथला पहिला, त्यानेसुद्धा त्याच व्हिडिओखाली या निर्णयाविरुद्ध लिहिलं. त्यालाही रडका म्हणा.

नदीकाठ: २०१८ ला झोंबलं आणि २०२१ ला औषध लावलं. वा! सोय होती हे मात्र बरोबर, बहिणीला ती माहीत नव्हती. घ्या, जिंकलात, हार पाठवू?

गावठी इंजिनियर: भांडता कशाला, क्रोममध्ये 'रिटर्न यूट्यूब डिसलाइक' एक्स्टेंशन टाका, आकडा दिसतो.

तिरकस: तो हिशोबाने काढलेला अंदाज असतो, अंदाजपंचे दाहोदरसे. आणि मोबाइल ओट्यावर डब्याला टेकवून बघतोय मी, क्रोम कुठे लावू, कढईला?

सांडगी मिरची: ते राहू द्या, तेल पुरेसं तापलं नव्हतं का? तसं असलं तरी विरघळते चकली.

तिरकस: तेल तापलेलंच होतं!

सांडगी मिरची: तुम्ही तापलाय हो, तेलाचं विचारतेय.

वऱ्हाडी पाहुणा: भाऊ, आमच्याकडे मोहन घालतच नाही, पाण्याला उकळी आणून उकड काढतो. कुरकुरीत होते.

सांडगी मिरची: कुरकुरीत?? दगड होत असेल. मोहन हवंच, दोन वाट्यांना दोन चमचे, तेही कडकडीत.

वऱ्हाडी पाहुणा: या खाऊन बघायला, मग दगड म्हणा.

नदीकाठ: डिसलाइकवर बोलायचं होतं ना?

तिरकस: थांबा हो जरा. वऱ्हाडी, भाजणी किलोभर उरलीय माझ्याकडे. उकडीला एका वाटीला पाणी किती?