हाडातल्या सूक्ष्म भेगा: ध्वनीचा वेग बदलतच नाही, काय चुकतंय?

मच्छे_प्रोजेक्ट: म्हशीच्या मांडीच्या हाडातून लांबीच्या दिशेने ४० मिमीचे ठोकळे कापले आणि त्यांना वारंवार दाब दिला. १ मेगाहर्ट्झच्या अल्ट्रासाउंड प्रोबने आधी-नंतर ध्वनीचा वेग मोजला, फरक नगण्य. पण नंतर काप काढून रंगवले तर भेगा दिसतात. फ्लॉ डिटेक्टर (आतले दोष शोधणारं अल्ट्रासाउंडचं यंत्र) बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगला, म्हणजे ओतीव धातूच्या भागांना, वापरतात तसलाच आहे. ५ मेगाहर्ट्झचा प्रोब घेऊ का?

यूटी_उद्यमबाग: नको. हाडात लांबीच्या दिशेने वेग सुमारे ४००० मी/से, म्हणजे १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४ मिमी. भेग साधारण ०.१ मिमीची, लाटेपुढे नगण्य. ५ मेगाहर्ट्झलाही तरंगलांबी ०.८ मिमीच राहते, आणि हाड सिग्नल इतका खातं की ४० मिमी पार जाणं अवघड. कास्टिंगमधली पोकळी ठळक इको देते, या भेगा देत नाहीत.

दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळच्या दुप्पट वारंवारतेची लाट, बघा. दाब येतो तेव्हा भेगेचे काठ मिटतात, ताण येतो तेव्हा उघडतात; लाटेचे दोन अर्धे सारखे राहत नाहीत आणि दुप्पट वारंवारता तयार होते. १ मेगाहर्ट्झचा १५-२० आवर्तनांचा बर्स्ट सोडा, पलीकडे २ मेगाहर्ट्झचा प्रोब लावा. पाच-सहा व्होल्टेजवर मूळ लाटेच्या उंचीचा वर्ग आणि हार्मोनिकची उंची यांचा आलेख काढा. सरळ रेषा यायला हवी. भेगा वाढल्या की तिचा उतार चढतो. फ्लॉ डिटेक्टरच्या टोकदार पल्समध्ये २ मेगाहर्ट्झ आधीच असतं, त्यामुळे त्याच्यावर हे जमणार नाही. फंक्शन जनरेटर, पॉवर अॅम्प्लिफायर आणि एफएफटीवाला (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणारा) ऑसिलोस्कोप लागेल.

निपाणीकर: यात एक भर घाला. अॅम्प्लिफायर स्वतःच हार्मोनिक तयार करतो, म्हणून त्याच्या आणि प्रोबच्या मध्ये लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) हवाच. आधी तेवढ्याच लांबीच्या अॅल्युमिनियमवर मोजून उपकरणाचा वाटा किती ते बघा. प्रोब हाताने धरू नका. जेलचा थर आणि दाब बदलला की आकडा बदलतो. स्प्रिंगचा क्लॅम्प करा, प्रत्येक ठोकळा पाच वेळा काढून परत लावा. या पाच मापांतला फरकच मोठा निघाला तर भेगांबद्दल काहीच म्हणता येणार नाही.

हाडवाले: मूळ प्रश्नातच अडचण आहे, ओ. आधी कापून मग रंगवलं तर करवतीने पडलेल्या भेगाही रंग घेतात. बेसिक फुक्सिन हा रंग अख्ख्या ठोकळ्यात मुरवायचा, काप नंतर. ज्या भेगेत रंग नाही ती कापतानाची. शिवाय दाब न दिलेला एक ठोकळा सोबत ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

हाड सुकलं तरी भेगा पडतात. उन्हाळ्यात टेबलावर उघडं अजिबात ठेवू नका. सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा, मापाआधी पूर्ण वितळू द्या.

मच्छे_प्रोजेक्ट: म्हणजे आधी रंगवून मग अल्ट्रासाउंड?

हाडवाले: उलट. फुक्सिन अल्कोहोलमधून मुरवतात, त्यात हाडातलं पाणी जातं. अल्ट्रासाउंडची सगळी मापं उरकल्याशिवाय रंगाची बाटली उघडू नका.