गाडी वडिलांच्या नावावर, चालवणार मुलगी: पॉलिसी कोणाच्या नावाची? (ऑनलाइन चर्चेचा धागा)

प्रश्न
आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आणि विमा पॉलिसी दोन्ही वडिलांच्या नावावर. वडिलांच्या लायसन्सची मुदत संपली आहे, नूतनीकरण करणार नाहीत. मुलगी २९ वर्षांची, स्वतःचं लायसन्स आहे, यापुढे गाडी तीच वापरेल. एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर आहे. पुढच्या महिन्यात रिन्यूअल. पॉलिसीत तिचं नाव घालावं लागतं का? की पॉलिसीच तिच्या नावाने काढावी? आणि गाडी तिच्या नावावर केली तर एनसीबीचं काय?

स्टेपनी
आपल्याकडे विमा गाडीचा असतो, चालकाचा नाही. मालकाच्या परवानगीने, त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असलेलं कोणीही चालवू शकतं. त्यामुळे नाव घालायची गरज नाही.

पण आरसी वडिलांची आणि पॉलिसी मुलीची, असं चुकूनही करू नका. एजंट 'होऊन जाईल' म्हणतात आणि पॉलिसी निघतेही. अडतं ते क्लेमच्या वेळी: जी गाडी कागदावर तिची नाही, तिच्या नुकसानीचे पैसे ती कशी मागणार?

दुसरी नेहमीची चूक क्लेम फॉर्ममध्ये होते. 'अपघाताच्या वेळी चालक कोण' या रकान्यात लोक पॉलिसीधारकाचंच नाव लिहितात, तेच सुरक्षित वाटतं म्हणून. इथे तर वडिलांचं लायसन्सच संपलेलं, म्हणजे हाताने क्लेम घालवणं. मुलगी चालवत असेल तर मुलीचंच नाव आणि तिचाच लायसन्स नंबर लिहायचा.

कलम१५७
वरचं बरोबर, पण एक भोक राहतं. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर फक्त नोंदणीकृत मालकाला मिळतं, तेही चालू लायसन्स असेल तरच. वडिलांचं नाही, म्हणून रिन्यूअलला तसं लेखी देऊन ते कव्हर वगळा, उगाच भरू नका.

मुलीला मात्र यातून काहीच मिळत नाही. ती मालक नाही, आणि थर्ड पार्टीही (अपघातात नुकसान झालेली बाहेरची व्यक्ती) नाही. मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रामखिलाडी खटल्यात स्पष्ट केलंय. चूक तिची असेल तर स्वतःच्या इजेची भरपाई ती वडिलांच्या पॉलिसीतून मागू शकत नाही. तिने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावाच. माझ्या मते या सगळ्या धाग्यात सर्वात महत्त्वाचं काम हेच.

नो_क्लेम
एनसीबी माणसाचा, गाडीचा नाही. वडील हयात असताना तो मुलीला मिळत नाही. ती शून्यापासून सुरू करते आणि पहिल्या क्लेमविरहित वर्षानंतर २० टक्के. सूट फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर असते, थर्ड पार्टीवर नाही, तेव्हा गाडी जुनी असेल तर रक्कम वाटते तेवढी मोठी नसते. ५० टक्के 'चालूच आहे' असं सांगून तिच्या नावाने पॉलिसी काढली तर आधीच्या कंपनीकडे चौकशी होते आणि ओन डॅमेजचा क्लेम बुडतो.

नावावर करायचीच असेल तर रिन्यूअलच्या आसपास करा. वर्षाच्या मध्ये केली तर उरलेल्या महिन्यांची सूट कंपनी वसूल करते. आरटीओत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी. गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं. थर्ड पार्टी कव्हर आपोआप नव्या मालकाकडे जातं, ओन डॅमेज जात नाही. लोक इथेच अडकतात. वडिलांनी एनसीबीचं पत्र मागून घ्यावं, त्यांनी ३ वर्षांत दुसरी गाडी घेतली तर ते चालतं.

प्रश्नकर्ता
म्हणजे वारसाहक्कानेही एनसीबी जात नाही?

नो_क्लेम
जातो, घरातल्या घरात तो एकच अपवाद. मालकाच्या निधनानंतर गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आईवडिलांकडे आली तर एनसीबीही मिळू शकतो. तिथे फॉर्म ३१ लागतो. जुनी पॉलिसी निधनापासून ३ महिने किंवा तिची मुदत, जे आधी संपेल तोवरच चालते.

स्टेपनी
गाडी त्याच घरात राहणार असेल तर आरसी वडिलांकडेच ठेवा, सूटही राहील. मुलगी दुसऱ्या गावी घेऊन जाणार असेल तर नाव बदला: थर्ड पार्टीचा दावा लागला की नोटीस आरसीवरच्या पत्त्यावर, वडिलांच्या नावाने येते.