लिव्हिंग विलवर सही करू नका म्हणणाऱ्यांना

पानगळ (धागाकर्ती):
ज्येष्ठ नागरिकांच्या एका गटात काल एक लेख फिरला. मथितार्थ असा की, लिव्हिंग विल (आपण बोलू शकत नसताना शेवटचे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) म्हणजे मुलांच्या हाती दिलेला मरणाचा परवाना, साठी उलटलेल्यांनी त्यावर सही करूच नये. खाली वाहवा. संताप आला, कारण ज्यांना हा कागद सगळ्यात जास्त लागणार आहे त्यांनाच चुकीचं सांगितलं जातंय.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा ९ मार्च २०१८चा निकाल आणि २४ जानेवारी २०२३ची दुरुस्ती शेजारी ठेवून वाचा. हा कागद लागू कधी होतो? आजार बरा होण्यापलीकडे गेलाय, उपचार लांबलेत, सुधारण्याची आशा नाही आणि रुग्ण स्वतःचा निर्णय सांगू शकत नाही, हे सगळं एकाच वेळी खरं असेल तेव्हा. तुम्ही बोलता आहात तोवर तुमचा शब्द चालतो, कागदाचा नाही. त्यानंतरही मुलगा म्हणाला म्हणून व्हेंटिलेटर निघत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ हे पहिलं मंडळ. दुसऱ्या मंडळात पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आणि अंमल करण्याआधी रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. सहा डॉक्टर मध्ये उभे असतात. याला परवाना म्हणणं अन्याय आहे.

करायचं काय, तर साधा कागद पुरतो. निकालात स्टँप पेपरची अट नाही. दोन साक्षीदार, शक्यतो त्रयस्थ. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. २०१८ साली न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. ती अट २०२३मध्ये गेली. तुमच्या वतीने कोण बोलेल त्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्त चालतात. मत बदललं तर लेखी रद्द करायचं, केव्हाही.

सातबारा:
कायदा तुम्ही बरोबर सांगितलात. पण सही कुठल्या गठ्ठ्यात होते ते सांगितलं नाहीत. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, बँकेचं नॉमिनेशन, आणि त्यातच हा चौथा कागद. म्हातारा माणूस चष्मा शोधतोय आणि मुलगा बोट ठेवून दाखवतोय, इथे सही, इथे सही. साक्षीदार मुलाचेच मित्र. "शक्यतो त्रयस्थ" यातला शक्यतो हा शब्दच घात करतो. आणि मराठीत मृत्युपत्राला इच्छापत्र म्हणतात, यालाही वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. निम्म्या लोकांना आपण कशावर सही केली हेच कळत नाही.

दुसरं. कागद नसला तरी नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन मंडळांची वाट खुली आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मग वयस्कांना भीती घालून कागद करायला का लावता?

अतिदक्षता:
तुमच्या दुसऱ्या मुद्द्यातच उत्तर आहे. कागद नसेल तेव्हा संमती नातेवाइकांची लागते, आणि नातेवाईक अनेक असतात. नागपूरची मुलगी म्हणते आता पुरे, न्यू जर्सीचा मुलगा म्हणतो मी पोचेपर्यंत काहीही काढू नका. तोवर दहा-बारा दिवस होतात, तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही म्हणून गळ्याला छिद्र करून ट्रॅकिऑस्टॉमी होते. मग रुग्ण महिनोन्‌महिने त्या नळीवर. "आईंना काय हवं होतं" हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर कुणाकडेच नसतं.

आणि आज प्रत्यक्षात चालतं काय? पैसे संपले की 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज'च्या फॉर्मवर सही, ॲम्ब्युलन्समध्ये अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबत घरी, आणि घरी पोचल्यावर ती बॅग थांबते. श्वासाची तगमग शमवायला मॉर्फिन नाही, शेजारी नर्स नाही. मंडळांच्या वाटेने उपचार मागे घेतले तर वेदनाशमन चालू राहतं. कागदाचा खरा उपयोग इथे आहे.

पण कागद वाईट लिहिला तर तो नसलेलाच बरा. "मला यंत्रांवर ठेवू नये" हे एक वाक्य लिहून लोक मोकळे होतात. न्यूमोनिया झालेला माणूस चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून चालत घरी जातो, त्याला या वाक्याने काय करायचं? यंत्राचं नाव नंतर लिहा, आधी स्थिती लिहा: बरं होण्याची शक्यता नाही असं दोन्ही मंडळांनी ठरवल्यावर व्हेंटिलेटर, डायलिसिस, रक्तदाब टिकवणारी औषधं, छाती दाबून हृदय चालू करणं नको, वेदनेवरची औषधं मात्र हवीत. वयस्क हाडांवर छाती दाबताना बरगड्या मोडतात, हेही सही करणाऱ्याला आधी सांगा.

धामकाठ:
यादीत नाकातली नळी, म्हणजे पोटात अन्न सोडणारी, का नाही? खरा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे हे काही नवं नाही. सावरकरांनी १९६६च्या फेब्रुवारीत अन्न-औषध सोडून प्रायोपवेशन केलं. विनोबांनी नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला तेच केलं. जैनांच्या संथाऱ्यावर, म्हणजे अन्नत्याग करून मरण स्वीकारण्याच्या व्रतावर, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५मध्ये बंदी घातली, त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अन्न नाकारणं हा आपल्या परंपरेने मानलेला शेवट आहे.

सातबारा:
कशाची तुलना कशाशी करताय? विनोबा शुद्धीवर होते, समोर आणलेलं औषध स्वतः नाकारत होते. लिव्हिंग विल अशा माणसासाठी आहे ज्याला भूक लागली हेही सांगता येत नाही. त्याची नळी काढणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. ज्या घरात श्राद्धाला कावळ्याला आधी घास देतात, त्या घरातल्या माणसाचा घास बंद करायचा?

धामकाठ:
उपाशी मारणं हा शब्द मागे घ्या. माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवलेला नकार हा त्याचाच नकार आहे. सही केल्यावर त्याचं मत पुसलं जात नाही.

सातबारा:
शब्द मागे घेणार नाही. दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळीच्या जोरावर आजचा घास काढून घेताय.

अतिदक्षता:
दोघेही नळी आणि घास एक धरताय, म्हणून भांडताय. राईल्स ट्यूब, म्हणजे ही नाकातली नळी, हा उपचार आहे, जेवण नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर अनेकदा गिळणं जातं, पण बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत परत येतं. तिथे नळी जीव वाचवते. त्या माणसाच्या कागदात "नळी नको" एवढंच असेल तर मोठा अनर्थ. उलट डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, अन्न श्वासनळीत जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही. रुग्ण नळी उपसतो म्हणून हात बांधतात. तासनतास बांधलेले हात आणि त्यांवरचे वळ, हे नळीच्या बाजूने बोलणारे कधी सांगत नाहीत.

त्या टप्प्यावर हाताने भरवतात. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, पाऊण चमचा घट्टसर पेज, घोट गिळला की नाही ते पाहूनच पुढचा. अर्धी वाटी जायला चाळीस मिनिटं लागतात. नको म्हणून तोंड फिरवलं की थांबायचं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात चार दशकं अंथरुणाला खिळून असलेल्या अरुणा शानबाग यांना तिथल्या परिचारिकांनी वर्षानुवर्षं अन्न बारीक करून असंच भरवलं.

सातबारा:
हे आधी सांगायला हवं होतंत. हाताने भरवणं चालू राहणार असेल तर नळीवरचा माझा आक्षेप थोडा कमी होतो. थोडाच. चाळीस मिनिटं बसणारं माणूस घरात हवं, ते पगारी आया ठेवून जमत नाही.

तालुका:
नळीवर धागा अडकलाय, मूळ अडचण वेगळीच आहे. प्रत द्यायची कुठे? निकालानुसार स्थानिक स्वराज्य संस्थेने प्रत जपणारा अधिकारी, म्हणजे कस्टोडियन, नेमायचा असतो. मुंबईचे डॉ. निखिल दातार या नेमणुकांसाठी उच्च न्यायालयात गेले आणि २०२४मध्ये राज्यभरातल्या संस्थांमध्ये असे चारशेवर अधिकारी नेमल्याचं सांगितलं गेलं. गोव्यात मे २०२४मध्ये न्या. महेश सोनक यांनी स्वतःच्या लिव्हिंग विलची नोंद करून सुरुवात केली. पण छोट्या नगरपालिकेत गेलात तर कारकून जन्म-मृत्यू विभागाकडे बोट दाखवतो. म्हणून दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन परत आणा. कस्टोडियन कोण हे सांगत नसतील तर लेखी विचारा. नुसतं तोंडी विचारून परतू नका.

दुसरी चूक, मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये. रविवारी रात्री दोनला लॉकर उघडत नाही. मूळ प्रत घरात, एक फॅमिली डॉक्टरकडे, एक ज्याचं नाव लिहिलंय त्याच्या हाती. त्याला आधी विचारलेलं असावं, ऐनवेळी माघार घेणारा काय कामाचा? रुग्णालयात दाखल होतानाच फाईलला एक प्रत लावायला सांगा. मंडळांनी नकार दिला तर घटनेच्या अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात जाता येतं, पण रुग्ण अतिदक्षता विभागात असताना मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूर गाठणं किती जणांना जमणार?

पानगळ:
'तालुका' यांचं पूर्ण पटलं. 'सातबारा', गठ्ठ्याचा तुमचा मुद्दा मला आवडत नाही, पण नाकारता येत नाही. मालमत्तेचा कागद ज्या दिवशी होईल त्या दिवशी हा करू नये. साक्षीदार वारस नसावेत, आणि ज्यांचं नाव प्रतिनिधी म्हणून लिहायचं त्यांत एक तरी घराबाहेरचा असावा. एवढं मान्य. सही करू नका हे मात्र मुळीच मान्य नाही.

नळीबद्दलची ओळ अशी लिहूया का: "गिळणं परत येण्याची शक्यता असेल तोवर नाकातली नळी चालेल. ती शक्यता संपल्याचं दोन्ही मंडळांनी ठरवल्यावर नळी नको."

सातबारा:
त्याच्या आधी एक ओळ घाला. "मी तोंड उघडेन तोवर मला हाताने भरवावं." ती असेल तर माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी सही करू नका म्हणणार नाही. गठ्ठ्यात मात्र नको.